पंचवीस पैशांचा पॉइंट

१

टेबलावर चार कार्डं होती. पहिलं निळं, पेट्रोल पंपावर वापरायचं. दुसरं रोख परतीचं: शंभराची खरेदी केली की दीड रुपया बिलातून आपोआप वजा. तिसरं बँकेनं गळ्यात मारलेलं, अजून पाकिटातून बाहेर न आलेलं. चौथं काळं, जाड, कोपऱ्यात विमानाची शेपटी छापलेलं. या चौथ्या कार्डावर आठ वर्षांत तीन लाख बारा हजार पॉइंट साठले होते. आता तिथं शून्य होतं.

यशोधरा साळवेनं मोबाईलच्या पडद्यावरचं ते शून्य पुन्हा एकदा पाहिलं आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

“बघितलंस?” आप्पासाहेब म्हस्के म्हणाले. “आठ वर्षं! कोंबडी अंड्यावर बसते तसा बसलो होतो मी त्याच्यावर.”

नगरच्या मार्केट यार्डात ‘म्हस्के ॲग्रो’ हे त्यांचं दुकान. ठिबकच्या नळ्या आणि पाण्यातल्या मोटारी विकून त्यांनी ते वाढवलं होतं. पण त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की वाटावं, यांचा खरा धंदा पॉइंट गोळा करण्याचाच आहे. कंपनीचं पेमेंट कार्डावर, किराणा कार्डावर. पाहुण्यांच्या लग्नातला मंडपसुद्धा कार्डावर. पाहुण्यांकडून रोख घ्यायची आणि मंडपवाल्याकडं आपलं कार्ड घासायचं.

“दिवाळी झाली की लंडन ठरलं होतं. मी आणि पंकजा. बिझनेस क्लास, सीट आडवी करून, पसरून झोपून. अख्ख्या यार्डाला सांगून बसलोय. आता जो तो विचारतो, आप्पासाहेब, कधी झोपताय?”

यशोधरेला हसू आलं नाही. “अठरा ऑगस्टला बदललेत. सकाळी साडेअकरा ते बारा. सात नोंदी आहेत. पन्नास हजारांच्या सहा, बारा हजारांची एक.”

“एका वेळेला पन्नास हजारांच्या वर बदलता येत नाहीत.”

“बदलून काय घेतलं?”

“तीच तर गंमत आहे पोरी. रोख घेतली. पॉइंटला पंचवीस पैसे. अठ्ठ्याहत्तर हजार झाले. विमानाकडं वळवले असते तर त्याच पॉइंटांत सहा लाखांची तिकिटं येत होती. आणि ते अठ्ठ्याहत्तर हजार कुठं गेले? माझ्याच कार्डाच्या बिलात! बिल साडेनऊ लाखांचं, त्यातून एवढे वजा झालेले कुणाच्या लक्षात येणार? चोर माल घेऊन पळतो. यानं माझाच माल मोडून माझ्याच खिशात घातला. हा कसला चोर?”

“बँक काय म्हणते?”

“तुमच्याच मोबाईलवरच्या ओटीपीनं झालंय, आता माघारी फिरत नाही. आणि मोबाईल माझ्या खिशातून हलत नाही. संडासला जातानासुद्धा.” ते पुढं झुकले. “मला पैसे नकोत. मला तो माणूस पाहिजे. त्याला मी नगरमध्ये तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही.”

यशोधरेला बोलवायचं कारण असं, की संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून ती सावेडीतल्या एका कर सल्लागाराकडं कामाला होती आणि फावल्या वेळात मोबाईलवर मराठीतून कार्डांची तुलना करणारे छोटे व्हिडिओ टाकायची. कुठलं कार्ड कुणी घ्यावं, रोख परत कधी बरी आणि विमानाचे पॉइंट कधी, हे नगरमध्ये तिच्याइतकं नेमकं सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. आप्पासाहेब तिचे सगळे व्हिडिओ पाहत.

“साळवे म्हणजे...” ते अचानक थांबले. “आमच्या भीमाची पोरगी का तू?”

“हो.”

“बरं बरं. शिकलीस, चांगलं झालं. बाप गाडीला कच्चा निघाला, पण पोरगी डोक्यानं पक्की आहे.”

यशोधरेनं चारही कार्डं उचलून एकावर एक रचली, कडा जुळवल्या आणि त्यांच्याकडं सरकवली.

“मी शोधून देते, साहेब. फी काही नको. फक्त उत्तर मी घरातल्या सगळ्यांसमोर सांगणार.”

“सांग की! गाव गोळा करतो.”

ती दुकानाबाहेर आली तेव्हा तिच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या. गेल्या वर्षी अठ्ठावीस ऑगस्टला दुपारी आप्पासाहेबांच्या सासूबाई, राजूरहून लेकीकडं राहायला आलेल्या बनाबाई, यांच्या छातीत कळ आली. आप्पासाहेबांची बायको पंकजा तेव्हा बाहेरगावी होती. आप्पासाहेबांनी त्यांना गाडीत घातलं. गाडी भीमा साळवे चालवत होता, बावीस वर्षं चालवत होता तशीच. सावेडीच्या हॉस्पिटलात बेड नव्हता म्हणून गाडी पुण्याकडं निघाली, आणि शिक्रापूरच्या वाहतुकीत अडकलेली असताना म्हातारी गेली. भीमानं रस्ता चुकवला, जाममध्ये गाडी घातली, भीमामुळं जीव गेला, असं आप्पासाहेबांनी भावकीत, यार्डात, सगळीकडं सांगितलं. त्यानंतर नगरमध्ये भीमाच्या हातात कुणी गाडीची चावी दिली नाही. तो आता एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सलाम ठोकत होता.

यशोधरेला चोर हवाच होता. चोर सापडला की म्हस्क्यांच्या घरातली कुठली तरी भिंत पडणार, एवढं तिला दिसत होतं. ती पडताना बघायला आपण समोर उभं असावं, एवढीच तिची इच्छा होती.

२

दुकानाचा हिशेब आदिनाथ बघायचा. चाळिशीचा, बारीक आवाजाचा. सर्वांत आधी संशय आपल्यावरच येणार, हे ओळखून तो आधीच घामाघूम झाला होता.

“मॅडम, पासवर्ड मला माहीत आहे, खोटं कशाला बोलू. मालकांना, गोरक्षभाऊंना, वहिनींना, सगळ्यांना माहीत आहे. पण ओटीपी मालकांच्या मोबाईलवर येतो.”

“पॉइंटची किंमत किती, आदिनाथभाऊ?”

“कशात घेता त्यावर. रोख घेतली तर पंचवीस पैसे. दुकानांची कुपनं घेतली तर पन्नास. विमानात घातले आणि तिकीट नीट बघून काढलं तर दोन रुपयांपर्यंत. तुमच्याच व्हिडिओत सांगितलंय की तुम्ही.”

“मग अठ्ठ्याहत्तर हजार वजा झालेले तुम्हाला दिसले नाहीत?”

“दिसले. मला वाटलं मालकांनीच काही केलं असेल.” तो ओशाळला. “विचारलं असतं तर म्हणाले असते, तू तुझं काम कर.”

“अठरा ऑगस्टला सकाळी कुठं होता?”

“इथंच. एकटा. मालकांच्या घरी जेवणावळ होती त्या दिवशी, मालक दुपारपर्यंत आलेच नाहीत. गोरक्षभाऊही तिकडंच. गिऱ्हाइकाची ही गर्दी! श्रावणात पावसानं ताण दिला होता, ज्याला त्याला मोटार पाहिजे. चहा प्यायला उठलो नाही. डबा मात्र वहिनींनी आठवणीनं पाठवला.”

आजूबाजूच्या दोन दुकानदारांनी त्याला दुजोरा दिला. म्हणजे मोबाईल घरी होता आणि आदिनाथ दुकानात. त्याचं नाव खोडलं गेलं.

यशोधरा यार्डाच्या फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी राहिली. सात नोंदी तिच्या डोक्यातून जात नव्हत्या. समजा, एखाद्याला पॉइंटची किंमत माहीत नाही. त्यानं पहिले पन्नास हजार बदलले. हातात पडले साडेबारा हजार. तो दचकेल, थांबेल, कपाळावर हात मारेल. दुसऱ्यांदा बटण दाबणारच नाही. आणि पैशाच्या लोभानं केलं म्हणावं तर लोभी माणूस ती रक्कम आप्पासाहेबांच्या बिलात कशाला भरेल?

पहिल्या वेळेला साडेबारा हजार पडलेले बघून कुणीतरी पुन्हा बटण दाबलं होतं. नवा ओटीपी आला, तो भरला. परत दाबलं. असं सात वेळा, पार तळ दिसेपर्यंत.

ती चोरी नव्हती. कुणीतरी शांतपणे बसून आप्पासाहेबांची आठ वर्षं जाळली होती.

३

आप्पासाहेबांचा धाकटा भाऊ गोरक्ष दुकानामागच्या गोदामात पोत्यावर बसून मोबाईल बघत होता. यशोधरेला बघून तो उठलाही नाही.

“ये, ये, व्हिडिओवाली! दादानं तुला पोलीस केलंय म्हनं.”

“तुम्हाला हे विमानाचे पॉइंट आवडत नव्हते, असं ऐकलं.”

“न्हाईच आवडत. लपवायचंय काय त्यात? धा वेळा सांगितलं दादाला, बाबा, रोख घे. रोखीला वास असतो. विमानात झोपायला पॉइंट कशाला, झोपायला घरी खाट न्हाई व्हय? पन ऐकतंय कोन. लंडनला दादा आनि वहिनी जानार, मी इथं पायपा मोजनार.”

“म्हणजे पॉइंट तुम्ही बदलले?”

“मी?” तो पोत्यावरून घसरलाच. “मी बदलले असते तर माझ्या खात्यात गेले नसते व्हय? येडी का खुळी तू? तीन लाख बारा हजार रुपये दादाच्या बिलात घालायला मी काय दत्तक गेलोय त्याला?”

“तीन लाख बारा हजार रुपये?”

“पॉइंट म्हंजी रुपयाच की.”

हे खरं की नाटक, यशोधरेला ठरवता येईना. नाटक करणारा माणूस इतकी साधी चूक ठरवून करू शकतो. तिला याहून पक्कं काहीतरी हवं होतं.

“तुमचंही कार्ड आहे ना? किती साठलेत?”

“नऊ हजार सहाशे. राखून ठेवलेत. नवा मोबाईल घ्यायचाय.”

“कसे बदलतात ते दाखवू का? इथं ‘रोख’ दिसतंय बघा. पण आधी खाली बारीक अक्षरात लिहिलंय ते...”

गोरक्षचं बोट आधीच पडलं होतं. ओटीपी आला, तो त्यानं मोठ्यानं वाचत भरला आणि खुशीत पडद्याकडं बघितलं. मग मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला.

“दोन हजार चारशे? आनि बाकीचे?”

“एवढेच येतात. पंचवीस पैशानं.”

“अरे तुज्या मायला!” गोरक्षनं पायातली चप्पल पोत्यावर आपटली. “ह्यो तर दरोडा हाय! परत घे, परत घे ते! कुटं दाबायचं?”

“परत नाही घेता येत.”

“मग दादाला तरी कोन लुटनार, बँकच लुटतीया की!”

स्वतःचे पॉइंट जाळून कुणी नाटक करत नाही. गोरक्षला पॉइंटचा भाव आत्ता, तिच्यासमोर कळला होता. त्यानं ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बटण दाबलं असतं, तर दुसऱ्यांदा नक्कीच दाबलं नसतं. आणि त्याच्या शिव्या सगळ्या यार्डानं ऐकल्या असत्या.

“अठरा ऑगस्टला तुम्ही घरी होतात?” तिनं जाता जाता विचारलं.

“व्हय. वाढप माझ्याकडं हुतं. खीर आनि वडे वाढून वाढून हात मोडले. मानसं किती! राजूरकडची बी आलती.” तो अजून पडद्याकडंच बघत होता. “दोन हजार चारशे... ह्यांच्या...”

तीन माणसांपैकी दोघं गेले. उरलं एकच नाव, आणि ते तिला मुळीच पटत नव्हतं. जिला बिझनेस क्लासनं लंडनला जायचं होतं, ती आपलंच तिकीट का जाळेल?

४

पंकजा म्हस्के सावेडीतल्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरत होत्या. यशोधरेनं त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. शेवटचं पाहिलं ते याच बंगल्याच्या फाटकाशी. बाबा गाडीत राहिलेला डबा न्यायला आले होते, ती सोबत होती. पंकजावहिनींनी आतून तो डबा आणला आणि रस्त्यावर फेकला. “माझ्या आईला मारलंस. परत तोंड दाखवू नकोस.” भाजी डांबरावर सांडली होती. बाबांनी खाली बसून डबा उचलला, झाकण शोधलं आणि निघाले.

“चहा घेशील?” पंकजावहिनींनी विचारलं. त्यांनी तिला ओळखलं होतं.

“नको.”

“बस तरी.”

यशोधरा उभीच राहिली. “अठरा ऑगस्टला तुमच्याकडं जेवणावळ होती. कशाची?”

सुरी थांबली. “आईचं वर्षश्राद्ध.”

“त्या तर अठ्ठावीसला गेल्या. ती तारीख आमच्या घरात कुणी विसरू शकत नाही.”

“तारखेनं कोण करतं? तिथीनं करतात. श्रावण वद्य दशमी. यंदा ती अठराला आली.”

यशोधरेनं डोळे मिटले. अठरा ऑगस्ट पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तिच्या मनात अठ्ठावीस येऊन गेला होता. दहा दिवसांचा फरक, म्हणून तिनं तो बाजूला टाकला. त्यांच्या घरी आजोबांचा स्मृतिदिन तारखेनं व्हायचा: बुद्धवंदना, पुण्यानुमोदन, शेजाऱ्यांना जेवण, दरवर्षी तीच तारीख. चंद्रावर चालणारं पंचांग तिनं मोजलंच नव्हतं. श्राद्धाला करतात ते खीर आणि वडे गोरक्षनं सरळ सांगितले होते, तेही तिच्या कानावरून गेले.

“श्राद्धाला कोण बसलं होतं?”

“आईला मुलगा नाही. मी एकटीच. हेच बसले.”

“धोतर नेसून?”

“सोवळ्यात बसायचं तर धोतरच.”

“धोतराला खिसा नसतो,” यशोधरा म्हणाली.

पंकजावहिनींनी चिरलेली भेंडी ताटात नीट सारखी केली. मग हात पदराला पुसले आणि तिच्याकडं वळल्या.

“गुरुजी म्हणाले, मोबाईल लांब ठेवा. यांनी माझ्या हातात दिला. बाहेर पिंड ठेवत होते, मी देवघरात बसले होते. पहिल्या वेळेला हात कापला. सातव्या वेळेला नाही कापला.”

५

“का?” यशोधरेनं विचारलं.

“मे महिन्यात राजूरला लग्नाला गेले होते. आमच्या शेजारची ज्ञानेश्वरी भेटली. ती इथल्या त्या सावेडीच्या हॉस्पिटलात नर्स आहे. माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, ताई, मावशीसाठी मी स्वतः बेड तयार केला होता. वीस हजार भरा म्हटलं, भावजींनी कार्ड काढलं. नेमकं मशीन बंद होतं. रोख भरा म्हटलं, तर भावजी गाडीकडं गेले ते परत आलेच नाहीत.”

बेड होता. वर्षभर बाबा अंथरुणात उठून बसायचे आणि विचारायचे, मी दुसरा रस्ता धरला असता तर? बेड होता, आणि त्या रस्त्यावर जायचंच नव्हतं.

“तुम्ही साहेबांना विचारलं?”

“विचारलं. म्हणाले, खिशात रोख नव्हती, मी काय करू? घरी येऊन आणेपर्यंत पुणं गाठू म्हटलं.” पंकजावहिनी कडवट हसल्या. “त्यावर काय बोलणार? खिशात नसेल तर नसेल. पण मग बेडच नव्हता असं जगाला का सांगितलं? ते मी विचारलं नाही. मनात म्हटलं, या माणसाचं काय जळालं की याला कळेल? घर नाही, दुकान नाही. ते पॉइंट. रात्रंदिवस तेच.”

“पैसे तुम्ही स्वतःकडं वळवू शकत होता.”

“त्यांचा पैसा मला कशाला? मला त्यांची झोप पाहिजे होती.”

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

“मे महिन्यात कळलं तुम्हाला. आता नोव्हेंबर आहे. माझे बाबा गेटवर उभे आहेत. एवढ्या दिवसांत तुम्हाला एमआयडीसीपर्यंत यायला रिक्षा मिळाली नाही?”

पंकजावहिनींनी मान खाली घातली. “लाज वाटली.”

“तुमच्या लाजेचं मी काय करू, वहिनी? तुम्ही तुमचा सूड घरात बसून घेतलात. कुणाला कळू न देता. आमच्यावरचा डाग तसाच ठेवून.” तिचा आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द वेगळा पडत होता. “रविवारी सगळ्यांसमोर मी तुमचं नाव घेणार आहे. साहेबांना माणूस पाहिजे. मी देणार.”

“घे.” पंकजावहिनींनी मान वर केली. डोळे कोरडे होते. “खुशाल घे. मी नाही म्हणणार नाही. पण भीमाभाऊंना घेऊन ये. त्यांच्यासमोर घे.”

६

भीमा यायला तयार नव्हता. “कशाला जखम उकरायची पोरी,” एवढंच म्हणत होता. शेवटी आला, पण म्हस्क्यांच्या दिवाणखान्यात दाराजवळच्या खुर्चीच्या कडेला, उठून जायच्या बेतात असल्यासारखा बसला.

आप्पासाहेबांच्या कपाळावर आठी पडली. “याला कशाला आणलंस?”

“सगळ्यांसमोर, असं ठरलं होतं, साहेब. त्या सगळ्यांत हेही आले.”

गोरक्ष आणि आदिनाथ सोफ्यावर होते. पंकजावहिनी खिडकीशी उभ्या होत्या. यशोधरेनं सरळ सुरुवात केली.

“पॉइंट रोखीत बदलणं हा सगळ्यांत वाईट सौदा. कार्डाची तुलना करताना मी नेहमी सांगते, रोख परत हवी असेल तर रोख परतीचं कार्ड घ्या. विमानाचे पॉइंट रोखीत मोडू नका. ज्यानं हे केलं त्याला भाव माहीत नव्हता असं धरू. मग तो पहिल्या साडेबारा हजारांना थांबला असता. तो सात वेळा थांबला नाही. म्हणजे त्याला भाव माहीत होता आणि नुकसानच करायचं होतं. गोरक्षभाऊंना भाव माहीत नव्हता.”

“आता झालाय,” गोरक्ष पुटपुटला. “दोन हजार चारशेला.”

“आदिनाथभाऊंना भाव माहीत होता, पण ते दुकानात होते आणि ओटीपी घरी येत होता. मोबाईल साहेबांच्या खिशातून हलत नाही. त्या दिवशी मात्र साहेबांना खिसाच नव्हता. ते धोतर नेसून सासूबाईंच्या श्राद्धाला बसले होते.”

आप्पासाहेबांची मान सावकाश खिडकीकडं वळली.

“मीच,” पंकजावहिनी म्हणाल्या. “तिला सांगायला लावू नका. मीच केलं.”

“तू?” आप्पासाहेब उठून उभे राहिले. “अगं, तुझंच तिकीट होतं! डोकं फिरलंय का? पोलिसांत देईन, बायको-बियको बघणार नाही!”

“द्या. काय चोरीला गेलं म्हणून लिहून देणार? तुमचे पैसे तुमच्याच बिलात आहेत.” त्या दोन पावलं पुढं आल्या. “बेड होता. मशीन बंद होतं. ज्ञानेश्वरीनं मला सांगितलं.”

आप्पासाहेबांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि हात पसरले.

“सांगितलं ना तुला. रोख नव्हती माझ्याकडं! असती तर भरली नसती का? मी काय राक्षस आहे?”

“साहेब,” दाराकडून आवाज आला.

भीमा उठून उभा राहिला होता. बोलताना तो आप्पासाहेबांकडं बघत नव्हता, समोरच्या फरशीकडं बघत होता.

“बॅग हुती की, साहेब.”

“कसली बॅग?”

“पारनेरच्या वसुलीची. सकाळी आपन दोघंच गेल्तो. बँकेत भरायची राहिली हुती. माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली हुती तुमी. हॉस्पिटलात जाताना मला म्हनालात, भीमा, बॅगेवर ध्यान ठेव, साडेतीन लाख हायेत.” त्यानं घसा साफ केला. “मला वाटलं बेड न्हाई. तुमी म्हनालात म्हनून. मी बॅगेवर ध्यान ठेवून बसलो हुतो.”

पंकजावहिनींनी खिडकीची कड धरली. मे महिन्यापासून ज्या एका वाक्याला धरून त्या या घरात राहिल्या होत्या, ते वाक्य संपलं होतं.

“मला वाटलं ॲसिडिटी आहे,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “देवाशपथ. आदल्या दिवशी भजी खाल्ली होती त्यांनी. म्हटलं, पुण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवू. नाहीतरी दाखवायचंच होतं. आणि तिथं त्या महिन्यात कार्डावर...”

ते थांबले. पण उशीर झाला होता.

“कार्डावर काय?” पंकजावहिनींनी विचारलं.

“ऑफर होती,” आदिनाथ खालच्या मानेनं म्हणाला. “हॉस्पिटलच्या बिलावर दहापट पॉइंट. मालकांनी मला सांगितलं होतं.”

गोरक्ष उठला आणि भावापासून लांब जाऊन भिंतीला टेकला.

“भीमाभाऊंचं काय चुकलं?” पंकजावहिनींनी विचारलं. “सांगा.”

“काही नाही.”

“मोठ्यानं.”

“भीमाचं काही चुकलं नव्हतं.”

“उद्या राजूरला चला. हेच माझ्या भावकीसमोर बोला, आणि बॅगेचंही बोला. तिथून आल्यावर यार्डात बोला. प्रत्येक दुकानात. लंडनचं सांगत फिरला होतात तसंच.” मग त्या भीमाकडं वळल्या. त्यांना हात जोडता येईनात. “भीमाभाऊ, गाडी तुम्ही चालवाल?”

भीमानं फरशीवरची नजर वर उचलली.

“न्हाई,” तो म्हणाला. “मी न्हाई चालवनार. साहेबांनी चालवावी. मी मागं बसंन.”

यशोधरेनं बापाकडं बघितलं. खुर्चीच्या कडेवर बसलेला माणूस आता मध्यभागी उभा होता आणि त्याला बसायची घाई नव्हती.

आप्पासाहेबांनी खिशातून गाडीची चावी काढली, तिच्याकडं बघितलं आणि मुठीत धरली.

“यशोधरा,” पंकजावहिनी म्हणाल्या, “आईला पुण्याच्या त्या हॉस्पिटलात नेलं होतं. तपासून गेली म्हणून सांगितलं, त्याचं बिल यांनी कार्डावर भरलं. त्याचे किती मिळाले, ते दिसतं का?”

“दिसतं.”

“बघ.”

यशोधरेनं टेबलावरचा आप्पासाहेबांचा मोबाईल उचलला, गेल्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत मागं गेली, अठ्ठावीस तारखेवर थांबली आणि वाचून दाखवलं.

बिल एक हजार आठशे पन्नास रुपये. दहापट दरानं जमा झालेले पॉइंट, तीनशे साठ. रोख किंमत, नव्वद रुपये.